ह्यूची विधवा इडोनिया

— नाही, त्या बाकावर नको दादा, त्याचा एक पाय मोडलाय. इकडे बसा, भट्टीजवळ, इथं ऊब आहे. आणि दार उघडंच राहू द्या. वारा येतो खरा, पण मला रस्ता दिसतो. कोण येतं, कोण जातं ते दिसतं. — तर तुम्ही त्या दिवसाचं विचारत होतात. सांगते की. त्यात न सांगण्यासारखं आहे काय? साधा दिवस होता. मोड आलेले जव जमिनीवर पसरले होते आणि मी लाकडी फावड्यानं ते उलटत होते. सारखे उलटावे लागतात, नाहीतर खालचे कुजतात आणि सगळ्या दारूला वास मारतो. पाठ भरून आली होती. त्यात शेजारचं डुक्कर आत घुसलं, त्याला मी हाकलत होते आणि शिव्या देत होते — शिव्या म्हणजे तशा नाही हो, साध्याच, देवाचं नाव न घेता दिलेल्या — तुम्ही हे लिहून घेत नाही ना? नाही? बरं. — आणि तेवढ्यात गॅमल गाडीवाला दारात उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर ठेवून, आणि म्हणतो, "एमट, तुझ्या वहिनीचा नवरा आलाय!" मी म्हटलं, "मेल्या, माझा भाऊ जाऊन त्याची माती झाली. त्याला उकरून गाडीत घालून आणलंस की काय?" तर हसला. म्हणाला, "ह्यू नव्हे गं, दुसराच! नदीपलीकडच्या खानावळीत बसलाय, एक हात वाळल्यासारखा झालाय, आणि येईल-जाईल त्याला विचारतोय — विदर्सबीची इडोनिया कलालीण कशी आहे, माझी बायको बरी आहे ना."

मी काय केलं? हसले. खरंच हसले दादा, विचारा गॅमलला. म्हटलं, "कुणी वेडा असेल. वहिनीला जाऊन दोन महिने झाले, आता नवरे यायला लागले होय." आणि गॅमलला एक पेला फुकट दिला. तिथंच चुकलं बघा माझं. मी कुणाला फुकट पाजत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्यानं पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो हसायचा थांबला.

घ्या ना तुम्ही. ही चांगली आहे, काल गाळलेली. तुम्हाला घाबरून देतेय असं समजू नका — म्हणजे घाबरतेच मी, कोण नाही घाबरत? बिशपसाहेबांच्या न्यायालयाचा माणूस गल्लीत शिरला की कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात. राग मानू नका. तुमचा काय दोष, तुम्हाला पाठवतात तिकडे जायचं. तुमचा चेहरा तसा वाईट नाही. पण तुम्ही बोलत का नाही हो? तुमच्या आधी जो यायचा, लाल नाकाचा, तो कसा सारखा ओरडायचा. त्याच्यापुढे गप्प बसणं सोपं होतं. तुम्ही असे नुसते बघत बसता आणि मग माझं तोंड थांबत नाही.

तर मला काही आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवते. शुक्रवारी न्यायालयात विचाराल तेव्हाही तेच सांगणार. वॉरिन नावाचा एक चितारी गावात आला होता, हे आठवतं. ते सगळ्यांनाच आठवतं. चर्चच्या भिंतीवरचं चित्र पार उडालं होतं, शेवटच्या निवाड्याचं — वर देव, खाली सैतान, आणि मधे आपण सगळे — ते पुन्हा रंगवायला आला होता. त्याला इथं दारूच्या कोठारात झोपायला जागा दिली होती, कारण भट्टीमुळे रंग गोठत नाहीत. एवढंच. राहिला, रंगवलं, गेला. पुढे बातमी आली की समुद्रात जहाज बुडालं आणि त्यात तो गेला. इतकंच मला ठाऊक. मधलं काही मी पाहिलं नाही. मी असायचे माझ्या कामात. कोठारात कोण कुणाशी काय बोललं हे मला कसं कळणार? मी खाली तळघरात असेन. पिंपं धूत असेन.

माझी वहिनी पापभीरू बाई होती. तुम्हाला ती माहीत असायला हवी होती. मी ह्यूची बहीण — हा खांदा माझा जन्मापासून असा, त्यामुळे मला कुणी मागणी घातली नाही, आणि आईबाप गेल्यावर मी भावाच्या घरी आले. लोक म्हणायचे, नणंद घरात आली, आता बघा मजा. कसली मजा? पहिल्याच दिवशी तिनं मला फावडं दिलं आणि म्हणाली, "एमट, तुझा खांदा वाकडा आहे, पण फावड्याचा दांडाही वाकडाच आहे, तुमचं जमेल." असं बोलणं तिचं. मला इतका राग आला! आणि मग हसू आलं. आणि मग मी इथंच राहिले. ह्यू गेला तेव्हा त्यांचा पोरगा थर्स्टन एवढासा होता. आमच्याकडची रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे — नवरा मेला की त्याची जमीन आणि घर विधवेकडे, पण ती विधवा राहील तोवरच. दुसऱ्याचा हात धरला की संपलं. जमीन पोराची, आणि पोर लहान असेल तर तोवर जहागीरदाराचा कारभारी सांभाळणार. कारभारी सांभाळतो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पोर मोठं होईपर्यंत झाडंसुद्धा उरत नाहीत. म्हणून तर तिनं ते असं लपवून — म्हणून तर तिनं लग्न केलं नाही, असं म्हणत होते मी. लग्न केलं नाही. कशाला करेल? सगळं गेलं असतं.

रस्त्यावर कोणी दिसतंय का तुम्हाला? माझी नजर आता लांबचं धरत नाही. ती गाडी आहे की गवताची गंजी? गंजी. बरं.

थर्स्टन दळणाला गेलाय. माझा भाचा. येईल इतक्यात. वाईट नाही हो तो. या हातांवर वाढलाय. त्याचे दात येत होते तेव्हा माझं बोट चावायचा. तुमचं बोलावणं आलं त्या दिवशी त्यानं मला इथंच बसवलं, जिथं तुम्ही बसलाय, आणि म्हणाला, "आत्या, तुला काही आठवत नाही. कळलं? म्हण बघू." मी म्हटलं, "मला काही आठवत नाही." "पुन्हा म्हण." पुन्हा म्हटलं. लहानपणी मी त्याच्याकडून प्रार्थना अशीच पाठ करून घ्यायचे. मग त्यानं माझ्या पायांवर घोंगडी नीट केली आणि म्हणाला, "आत्या, तू आता थकलीस. हिवाळा तोंडावर आलाय. या दिवसांत रस्त्यावर फार गारठा असतो." एवढंच बोलला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, मी काय ऐकून घेणारी आहे? पण तो घोंगडी नीट करत होता, दादा.

त्याचीही बाजू आहे. आई विधवा नव्हती असं ठरलं तर इतकी वर्षं जमीन खोटेपणानं खाल्ली असं कारभारी म्हणणार, आणि दंड कुणाला? तिच्या हाडांना? थर्स्टनलाच. त्याची बायको पोटुशी आहे. तिला वाटतं सगळं माझ्यामुळे झालं. माझ्यासमोर वाटी आपटते.

हो, मृत्युपत्राचं सांगते. त्याला मी होते, ते नाकारत नाही. पाद्रीबाबा होते, शेजारचे दोघे होते, मी दारात उभी होते, गरम पाण्याचं भांडं घेऊन. कापणीचे दिवस, बाहेर लोक गात होते, आणि ती तापानं अशी वाळली होती की गादीवर वजनच दिसत नव्हतं. पाद्रीबाबांनी विचारलं, "बाई, तू कोण आणि कुणाची, ते आधी सांग." कारण बायको असेल तर तिला मृत्युपत्र करताच येत नाही ना, तिचं जे आहे ते नवऱ्याचं, त्यानं हो म्हटल्याशिवाय ती चमचासुद्धा कुणाला देऊ शकत नाही. विधवेला येतं. तर ते विचारतात, आणि ती बोलेना. मला वाटलं, गेली. मग तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. दाराकडे. मी भांडं घट्ट धरलं. आणि मग ती म्हणाली — स्पष्ट म्हणाली, सगळ्यांनी ऐकलं — "मी इडोनिया. ह्यूची विधवा." मग पुढचं सगळं. जीव देवाला, देह ह्यूशेजारी. चांगला निळा झगा चर्चमधल्या माउलीच्या वेदीला. पिसांची गादी थर्स्टनला. पितळी भांडं म्हाताऱ्या सबीनाला, आमच्याकडे जव निवडायला यायची तिला. आणि "माझी नणंद एमट, तिला दारू गाळायचा मोठा तांब्याचा हंडा आणि मागची खोली, ती जिवंत असेपर्यंत, आणि तिला तिथून कुणी उठवू नये." हे शेवटचं तिनं पाद्रीबाबांकडून परत म्हणवून घेतलं. उठवू नये. मग थर्स्टनला म्हणाली, "मान हलव." त्यानं हलवली. तो रडत होता तेव्हा.

ती खोटं बोलली का? मी तुम्हालाच विचारते, तुम्ही शिकलेल्या माणसांत वावरता. समजा — नुसतं समजा हं, मी काही म्हणत नाही — समजा एखाद्या बाईचा एक नवरा मेला, आणि मग दुसरा होता आणि तोही बुडाला असं तिला कुणीतरी येऊन सांगितलं. ती मग विधवाच ना? कुणाची का असेना. पहिल्याची म्हटलं काय, दुसऱ्याची म्हटलं काय, विधवाच. आणि दुसरा न बुडता कुठे परमुलखात मचाणावरून पडून हात मोडून, तापानं पडून, पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं अडकून पडला असेल, तर ते तिला कसं कळणार? न कळता बोललेलं खोटं हे खोटं धरतात का वर? सांगा ना. तुम्ही कधीतरी न्यायालयात ऐकलं असेल. — नाही माहीत? मग कुणाला माहीत आहे? मी पाद्रीबाबांना विचारणार होते, पण त्यांना विचारायचं म्हणजे आधी बाकीचं सांगायला हवं.

तो आला होता इथं. हो, वॉरिन. गॅमल येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी दाराबाहेर काठीवर नवा पाल्याचा झुबका बांधत होते, ताजी दारू तयार आहे हे लोकांना कळावं म्हणून, आणि मागून कुणी म्हणालं, "एमटबाई, पाणी मिळेल का?" कलालिणीच्या दारात येऊन पाणी मागणारा एकच माणूस मी पाहिलाय. रंगात हात बुडालेले असताना दारू पीत नसे तो, हात हलतो म्हणायचा. वळून पाहिलं तर म्हातारा. केस गेलेले, एक हात छातीशी बांधलेला. पण डोळे तेच. मला म्हणाला, "कबर कुठंशी आहे?" त्याला खानावळीत कळलंच होतं तोवर. मी म्हटलं — मी म्हटलं, "तुम्ही कोण? मी ओळखत नाही तुम्हाला." आत थर्स्टन होता ना! ऐकत होता तो! वॉरिन रागावला नाही. म्हणाला, "बरं, एमटबाई." आणि पाणी न पिताच गेला.

नंतर, त्यानं तुमच्या न्यायालयात दावा लावल्यावर, एकदा ओढ्यावर भेटला, मी एकटी होते तेव्हा. म्हणाला, "हंडा तुझा. मी न्यायालयात हवं तर तसं म्हणेन. मला भांडं नको, गादी नको, काही नको. मला तिचा नवरा म्हणा, एवढंच. रविवारी मेलेल्यांची नावं वाचतात ना, त्यात ती कुणाची बायको म्हणून वाचतात, सांग?" ह्यूची म्हणूनच वाचतात, दुसरं काय वाचणार. "माझं नाव कधीतरी तिच्यापुढे वाचा," म्हणाला. "मी गेल्यावर वाचलं तरी चालेल." आता तुम्हीच सांगा, यात त्यानं काय मोठं मागितलं? पण ते एवढं मिळायचं तर लग्न खरं ठरायला हवं. लग्न खरं ठरलं की ती विधवा नव्हती. ती विधवा नव्हती की मृत्युपत्र नव्हेच ते, नुसतं तापातलं बोलणं. हंडा तो देईल मला, मान्य. देईल तो, शब्दाचा आहे. पण हंडा मी ठेवू कुठे? डोक्यावर? खोली थर्स्टनच्या घरात आहे, आणि मृत्युपत्र गेलं की त्याचं ते मान हलवणंही गेलं. आणि तो तर सांगूनच बसलाय, रस्त्यावर गारठा असतो म्हणून.

तर म्हणून मला काही आठवत नाही. झालं. सबीना काय म्हणाली ते मी ऐकलंय. सबीना म्हणाली, "हात हातात धरलेले पाहिले, शब्द ऐकू आले नाहीत, मी तेव्हाही बहिरीच होते, एमटला विचारा." एमटला विचारा! पितळी भांडं मिळालंय तिला, फुकट बोलायला काय जातं. साक्षीदार दोन लागतात, त्यातली अर्धी ती, उरलेलं दीड माझ्या गळ्यात. आणि तिला तरी काय दिसलं असणार? ती जव निवडत बसली होती, त्या कोपऱ्यात, आणि सगळा वेळ तिचं लक्ष त्या चिमणीच्या पिल्लाकडे. छपरातून पडलं होतं ना पिल्लू, नेमकं त्याच वेळी, दोघांच्या पायाशी, आणि वॉरिन पुढचे शब्दच विसरला. खाली बघत राहिला. आणि वहिनीनं हसत हसत त्याला ते सांगितले — "मरण येईपर्यंत" — हळूच, पोराला शिकवावं तसे, आणि तो म्हणाला, हो हो, मरण येईपर्यंत, आणि सबीना म्हणते, अगं बाई, याला मांजर खाईल — 

का हो? असे का बघताय? काय म्हणाले मी?

चिमणीचं. चिमणीचं पिल्लू पडलं म्हणाले, त्यात काय आहे, पिल्लं पडतातच. सबीनानंच सांगितलं असेल मला. — सबीना बहिरी आहे. हो. शब्द तिनं ऐकले नाहीत. हो. कळतंय मला, दादा, मी काही अगदीच — थांबा जरा. मला बसू द्या. नाही, त्या बाकावर नको. इथंच, जमिनीवर. ठीक आहे मी.

तुम्ही काही लिहिलं नाहीत. मी पाहत होते. तुमचे हात नुसते गुडघ्यावर आहेत.

इथंच झालं. भट्टीच्या या बाजूला. भरदुपारी, दार लावून. बाहेर पाद्री नाही, चर्च नाही, कुणी नाही. पण लागत नाही ना पाद्री? दोघांनी हात धरून एकमेकांना म्हटलं की झालं, देव ऐकतो, असंच ना? मी तेव्हा विचारलं होतं वहिनीला. ती म्हणाली, "एमट, देव ऐकेल, पण उद्या कुणी विचारलं तर माणसानंही ऐकलेलं असावं. म्हणून तू उभी राहा." मी पिठाचे हात घेऊन उभी राहिले. ह्यूची सख्खी बहीण मी. मला वाटलं होतं, राग येईल. आला नाही. ह्यू मेला तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, आणि हा माणूस आला आणि भिंतीवरच्या सैतानांना गावातल्या लोकांची नाकं देऊ लागला. कारभाऱ्याचं नाक ओळखू येतं अजून, बघा कधी. वहिनी चर्चमध्ये तोंडावर रुमाल घेऊन हसायची. त्यानं तिला पितळी तारेची अंगठी वळून दिली होती. ती तिनं बोटात कधीच घातली नाही, कशी घालणार. आणि तो बुडाल्याची बातमी आली, त्या दिवशी आमची गाळायची पाळी होती, आणि तिनं गाळली दादा, सगळी, शेवटच्या पिंपापर्यंत. रडायची सोय नव्हती ना. कुणासाठी रडतेस म्हणून कुणी विचारलं तर? मी म्हटलं, "वहिनी, कांदे चिरायला घे." तिनं कांदे चिरायला घेतले.

म्हणून ती दाराकडे बघत होती, शेवटी. मला विचारत होती. मला माहीत होतं ती काय विचारतेय. वॉरिनची म्हणू का गं? मेलाय म्हणतात तो, आता काय बिघडतं, मरताना एकदा म्हणू का? एकदाच म्हणायचं होतं तिला. आणि मी भांडं धरून उभी. तिनं माझा खांदा पाहिला असेल. म्हटलं असेल, हिचं पुढे काय होईल. आणि म्हणाली, ह्यूची. माझ्यासाठी म्हणाली ती ते. हे मी कुणाला सांगू? थर्स्टनला? तो म्हणेल, बघ आत्या, तुझ्यासाठीच म्हणाली, मग तू का उलटतेस.

ते चित्र पाहिलंत का तुम्ही? जाताना पाहा. खाली डाव्या कोपऱ्यात एक कलालीण आहे, सैतानानं तिला खांद्यावर टाकलंय, हातात सुरई तशीच. जुन्या चित्रातही होती ती, वॉरिननं नुसती पुन्हा रंगवली, पण सुरई आमची काढली. या फळीवरची, कान तुटलेली. मला दाखवून म्हणाला होता, "बघ एमटबाई, तुमची प्रसिद्धी." आम्ही हसलो होतो. आता दर रविवारी तिथं उभं राहायचं म्हणजे — मी वर बघतच नाही. मापात थोडं कमी भरलं म्हणून नेतात म्हणे तिला. मापात! आणि मी तर पुस्तकावर हात ठेवून, देवाच्या वचनावर हात ठेवून म्हणणार, की ते दोघं कुणीच नव्हते एकमेकांचे. त्याचं काय करतात हो तिथं? आमच्याच गावात एकानं खोटी शपथ घेतली होती, मेंढ्यावरून, नुसत्या मेंढ्यावरून, आणि परत येताना त्याची वाचा गेली, मरेपर्यंत तो गुरासारखा आवाज काढायचा. मी लहान होते, मी पाहिलाय तो. स्वप्नात तो येतो आणि त्याला वहिनीचं तोंड असतं.

आणि खरं बोलले तर? तर ख्रिस्तजन्माच्या सणाआधीच मी बाहेर. या खांद्याला काम कोण देतं? दोन्हीकडे आग आहे, एक इथली आणि एक तिथली, आणि मला दोन्हींची भीती वाटते, सारखीच. लोक म्हणतात तिथली जास्त असते. थंडीत झोपावं लागलेलं नाही ना त्यांना, म्हणून म्हणतात.

तुम्ही हे ऐकलंत त्याला काही किंमत आहे का? नाही ना? पुस्तकावर हात ठेवून तिथं सांगितलं तरच? मग अजून काही झालेलं नाही. शुक्रवारपर्यंत काही झालेलं नाही. मी म्हातारी बाई आहे, भट्टीजवळ बसून बडबडले. तुम्ही प्यायलात आणि गेलात. — प्यायला नाहीत तुम्ही. पेला तसाच आहे. असू द्या.

ती गंजी नाही दादा. हलतेय. ती गाडी आहे. उठा. उठा हो, आपला घोडा आहे तो, पांढऱ्या पायाचा. पुढच्या दारानं नको, इकडून, डुकरांच्या गोठ्याकडून, कुंपणाला फट आहे. तुमची टोपी. मी तुम्हाला काही सांगितलं नाही. तुम्ही बोलावण्याची आठवण द्यायला आलात, मी म्हटलं येईन, संपलं. येईन मी शुक्रवारी. चालत येईन, त्याच्या गाडीतून नाही. काय बोलेन ते विचारू नका, मला आज माहीत नाही. — आणि नदीपलीकडे जाणार असाल तर त्याला म्हणावं — नको. काही म्हणू नका. थर्स्टननं कबरस्तानाच्या फाटकाशी कुत्रा बांधलाय आणि पाद्रीबाबा म्हणतात निकाल लागेपर्यंत वॉरिनला आत सोडता येत नाही, म्हणून तो भिंतीबाहेर बसलेला असतो, दिवसभर, ती कुठल्या बाजूला आहे हेही त्याला ठाऊक नाही. मला सोडतात आत. मला कुत्रा ओळखतो. जा आता, जा, मागचं दार ओढून घ्या.

तो आल्यापासून मी तिच्या कबरीपाशी गेले नाही, दादा. तो जिवंत आहे, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही.